उन्हाळ्यातील घर आणि आपल्या डोक्यावरचे छप्पर

(शिरूर व दौंड तालुक्यांतील कुंभार ज्ञातिबांधवांच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. शिक्षण, हुंडा, विद्यार्थ्यांचे वसतिगृह, वधूवरसूचन हे आपल्या व्यासपीठावरील नित्याचे विषय माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी हाताळले आहेत व पुढेही हाताळतील. मी एक अगदी घरगुती विषय घेतला आहे. उन्हाळ्यात घर निववायचे कसे, एवढाच तो विषय. तो जाहीर होताच मागच्या रांगेतील काही तरुण मंडळी गालातल्या गालात हसली, हे माझ्या नजरेतून सुटले नाही. त्यांच्यापाशी उत्तर तयार आहे: वातानुकूलनाचे यंत्र आणावे, भिंतीला लावावे आणि दारे-खिडक्या बंद करून स्वस्थ पडावे. ज्यांना ते परवडते त्यांच्याशी माझा काही वाद नाही. परंतु आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य घरांत ते यंत्र येणार नाही. आले तरी विजेचे देयक पाहून ते बंद राहील. आणि वीज गेली म्हणजे तर ते भिंतीवरचा नुसता दागिना होऊन बसेल. तेव्हा यंत्रावाचून जे घर राहायचे आहे, ज्यात आपली म्हातारी माणसे आणि तान्ही मुले वैशाख काढायची आहेत, त्या घराविषयी मी बोलणार आहे.

आपले दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडतात. घोड आणि भीमा आपल्या दारावरून वाहतात खऱ्या, पण आपल्या आभाळातून वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस उतरतो. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, यात आता कोणास नवल वाटत नाही. हवामानखात्याची व्याख्या अशी की, मैदानी मुलखात तापमान निदान ४० अंशांवर जावे आणि त्या ठिकाणच्या सरासरीहून ते साडेचार अंशांनी तरी अधिक भरावे, म्हणजे ती उष्णतेची लाट. याच खात्याने रात्रीचीही दखल घेतली आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. दिवस चाळिशीच्या वर गेला असताना रात्रीचे किमान तापमानही सरासरीहून साडेचार अंशांनी चढले, तर तिला ‘उष्ण रात्र’ म्हणतात. माझ्या मते आपल्या विषयाचे मर्म या रात्रीतच आहे. दिवसाचे ऊन माणूस झाडाखाली, पारावर, देवळाच्या सभामंडपात काढू शकतो. रात्र मात्र घरातच काढावी लागते, आणि दिवसभर तापलेल्या शरीराला रात्रीही विसावा मिळाला नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते हार खाते.

आता ही उष्णता घरात येते कोठून? पुष्कळ लोक म्हणतील, खिडकीतून, झळांवाटे. थोडी तशीही येते. परंतु आपल्या गावांचे पृथ्वीवरील स्थान ध्यानात घ्या. दौंडचा अक्षांश साडेअठराच्या जवळ, शिरूरचा पावणेएकोणीसच्या किंचित वर. याचा परिणाम असा की, १३ ते १५ मेच्या सुमारास भर मध्यान्ही सूर्य आपल्या अगदी माथ्यावर येतो. उभ्या काठीची सावली त्या क्षणी काठीच्या बुडाशी नाहीशी होते. शाळांतून हल्ली हा ‘शून्य सावलीचा दिवस’ म्हणून मुलांना दाखवितात. मुलांना त्याची गंमत वाटते. घराच्या दृष्टीने त्याचा अर्थ गंभीर आहे. त्या दिवसांत मध्यान्हीचे ऊन भिंतींना जवळजवळ लागतच नाही, ते सर्वच्या सर्व छपरावर पडते. सकाळी पूर्वेची व दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते, परंतु छप्पर उगवतीपासून मावळतीपर्यंत तापत असते. म्हणून आपल्या प्रदेशात घर थंड करणे म्हणजे आधी छप्पर थंड करणे होय. पैसा थोडा असेल तर तो पहिल्याने छपरावर खर्च करावा. पंखे, कूलर, पडदे यांची पाळी त्यानंतरची.

छपराचे तीन प्रकार आपल्याकडे दिसतात, आणि तिन्हींचे स्वभाव निरनिराळे आहेत.

पहिला धाब्याचा, ज्याला कोणी माळवद म्हणतात. तुळया, त्यांवर सर, वर लाकडी किलच आणि त्यावर पांढरीच्या मातीचा चांगला जाड थर. अशा मातीतून वरचे ऊन खाली झिरपायला दहा-बारा तास लागतात. तोवर बाहेर रात्र पडलेली असते आणि अर्धी उष्णता आल्या वाटेने आभाळात परत गेलेली असते. त्याखालच्या माजघराला बाहेरची भिंतच नसे. चहूंकडून ओसरी, सोपा, स्वयंपाकघर यांनी ते वेढलेले. बाळंतीण आणि आजारी माणूस माजघरात ठेवीत, त्यामागे अंधाराची आवड नव्हती. तथापि माळवदाकडे परत चला, असे मी मुळीच म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जड मातीची छपरे आणि दगडमातीच्या भिंती माणसांच्या अंगावर कशा कोसळल्या, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. शिवाय आज तुळईचे लाकूड आणायचे कोठून, आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी छपरावर माती चढवायला माणूस आणायचा कोठून?

दुसरा प्रकार पत्र्याचा. पत्रा हा तव्यासारखा आहे. जाळ लागला की तापला, जाळ काढला की निवला. भर दुपारी तो साठ अंशांच्याही वर जातो आणि त्याखाली बसलेल्या माणसाला वरून शेकोटी धरल्यासारखे होते. नवा पत्रा चकाकतो म्हणून तो ऊन परतवीत असेल, असा एक समज आहे. काही ऊन तो परतवितो हे खरे; परंतु जे शोषून घेतो ते बाहेर टाकण्याची शक्ती उघड्या धातूच्या अंगी फार थोडी असते. म्हणून तो चकाकत असतानाही तापतो, आणि जुना होऊन गंजला म्हणजे तर विचारूच नका.

तिसरा स्लॅबचा, आणि त्याविषयी आपल्या ज्ञातीला दुसऱ्या कोणी सांगायला नको. आव्याचा जाळ किती वेळ चालतो आणि आव्याची धग किती वेळ टिकते, हे आपल्या घरातले पोरसुद्धा जाणते. जाळ विझून गेला, धूर थांबला, तरी राखेखालची मडकी लवकर हात लावू देत नाहीत. चार-पाच इंचांचा सिमेंटचा स्लॅब हा असाच विझलेला आवा आहे. दुपारी बाराचे ऊन तीन-चार तासांनी त्याच्या पोटाशी पोचते, आणि मग संध्याकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत तो ते आपल्या अंगावर सोडीत राहतो. बाहेर ओट्यावर वारा सुटलेला असतो आणि आत पंखा गरम हवाच ढवळीत असतो, याचे कारण हेच.

येथे थोडे कडू बोलतो, त्याबद्दल क्षमा असावी. सोयरीक पाहायला गेले की मुलीचा बाप प्रथम विचारतो, ‘स्लॅबचे घर आहे ना?’ स्लॅब म्हणजे प्रतिष्ठा झाली आहे. घर पक्के असावे, पावसात गळू नये, ही इच्छा योग्यच. तीत हसण्यासारखे काही नाही. परंतु त्याच बैठकीत, ‘स्लॅबवर काय केले आहे? पश्चिमेला सावली आहे का? स्वयंपाकघराला वारा आहे का?’ असे विचारले तर ते अधिक शहाणपणाचे होईल. कारण वैशाखात त्या स्वयंपाकघरात दोन वेळा उभे राहायचे आहे ते त्या मुलीलाच.

आपल्याच तालुक्यातील एक जुनी हकिकत सांगतो. घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी या विद्वानांनी सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. घरे कुडाची, मातीने लिंपलेली, वर गवताचे शाकार. आरंभी ती ऐसपैस व चौकोनी होती. शेवटच्या काळात लहान, गोल झोपड्या दिसू लागतात. पावसाचे मान घटून दारिद्र्य आले, हे त्याचे कारण डॉ. ढवळीकर देतात. म्हणजे हवामान बिघडले की प्रथम घर बदलते, याचा पुरावा आपल्याच मातीत पुरलेला आहे. दुसरी गोष्ट आपणांस अधिक जवळची वाटेल. त्या वस्तीच्या पश्चिम भागात कारागिरांची घरे होती. त्यांत कुंभार होता आणि चुना भाजणाराही होता. माती भाजणारा आणि चुना भाजणारा असे ते शेजारी. मी आता जे उपाय सांगणार आहे, त्यांपैकी मुख्य ते या दोघांच्याच हातचे आहेत.

पहिला उपाय चुन्याचा. पांढरा, स्वच्छ चुना दिलेले छप्पर आपल्यावर पडणाऱ्या उन्हाचा बराच मोठा भाग परत आभाळात धाडते, आणि शोषलेली उष्णताही धातूपेक्षा किती तरी लवकर बाहेर टाकते. स्लॅबवर द्या, सिमेंटच्या पत्र्यावर द्या, लोखंडी पत्र्यावर द्या. खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडतो असा ठिकठिकाणचा अनुभव आहे. आकडा लहान वाटेल. परंतु बेचाळीस अंशांत तगमगणे आणि अडतीस अंशांत कसेबसे पडून राहणे, यांतील अंतर आजारी माणसाला विचारावे. कृती साधी आहे. छप्पर झाडून, शेवाळ खरवडून, धुऊन घ्यावे. चुनकळी आदल्या दिवशी भिजवून गाळून घ्यावी. चिकटपणासाठी डिंक किंवा सुताराचा पांढरा गोंद घालावा. आणि सकाळच्या वेळी पातळसे दोन-तीन हात द्यावेत. गुळगुळीत लोखंडावर चुना धरत नाही, त्याला पांढरा तयार रंग अधिक टिकतो. खर्च मात्र वाढतो. चुना वळवाच्या सरींनी काही धुऊन जातो, धुळीने मळतो, म्हणून तो दरसाल द्यावा लागतो. दिवाळीला आपण भिंती रंगवितो त्या पाहुण्यांसाठी. होळी आणि पाडवा यांच्या दरम्यान छपराला एक हात द्यावा, तो आपल्यासाठी.

दुसरा उपाय मातीचा. गच्चीवर पालथी मडकी ओळीने मांडून, मधल्या फटी चुन्याच्या मालाने भरून, वर पातळ फरशी किंवा कोबा करण्याची जुनी रीत आहे. मडक्यांच्या पोटात कोंडलेली हवा उष्णतेला वाट देत नाही. हल्ली काही ठिकाणी तिचे पुनरुज्जीवन होत आहे. नवे घर बांधणाऱ्यांसाठी आणखी एक वाट लॉरी बेकर या वास्तुशिल्पज्ञाने केरळात रूढ केली. स्लॅबच्या खालच्या भागात सळयांच्या मधोमध जे काँक्रीट केवळ भरती म्हणून पडते, त्याच्या जागी जोडीने कौले बसवायची. काँक्रीट वाचते, वजन कमी होते, आणि उष्णताही थोडी अडते. मात्र ही कामे जाणत्या इंजिनिअरच्या नजरेखालीच करावीत. उत्साहाच्या भरात जुन्या स्लॅबवर मडक्यांचे ओझे चढवू नये. आपल्या तरुणांना मी एवढेच विचारतो की, चाक बंद पडले म्हणून आपण हळहळतो, पण छपरासाठी लागणारी कौले आणि मडकी करून देऊ असे किती गवंड्यांना आपण जाऊन सांगितले?

ज्यांचे घर पत्र्याचे आहे आणि वर काही करण्याची ऐपत नाही, त्यांनी आतून बांबूच्या तट्ट्यांचे आढे करावे. पत्रा आणि तट्टा यांच्यामध्ये वीतभर तरी मोकळी जागा असावी आणि दोन्ही टोकांना वारा जायला फट असावी. थर्माकोल लावू नये, तो पेट घेतो. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते कापू-भोसकू नयेत, त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात व ती धूळ छातीला घातक असते. दौंडच्या ऊसपट्ट्यात पाचटाला तोटा नाही. ते पत्र्यावर अंथरून जाळ्याने बांधले तर उत्तम सावली होते. फक्त चूल, विजेच्या तारा व फटाके यांपासून ते दूर हवे.

पाचटावरून एक गोष्ट आठवली, ती बोलल्यावाचून राहवत नाही. आपल्या भागात कोंबड्यांच्या शेड पुष्कळ आहेत. मार्च उजाडला की शेडवाला पत्र्यावर पाचट टाकतो, वर पांढरा रंग देतो, बाजूंना गोणपाट सोडून ते ओले ठेवतो, दुपारी स्वतः जाऊन पाहतो. कारण एका लाटेत कोंबड्या पटापट मरतात आणि तोटा रोख दिसतो. त्याच शेडच्या शेजारी, तशाच पत्र्याच्या खोलीत त्याची आई पदराने वारा घेत बसलेली असते. तो निर्दय असतो असे नाही. उन्हाने माणूस मरतो हे त्याच्या मनात येतच नाही. ‘वय झाले होते’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

परंतु मरण मोजले गेले आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत आलेल्या लाटेनंतर हिशेब केला, तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाल्याचे दिसले. त्यातूनच त्या शहराने २०१३ साली उष्णतेचा आराखडा केला, आणि गरीब वस्त्यांतील छपरांना चुना देण्याचे काम पुढे त्यालाच जोडले गेले. फ्रान्ससारख्या संपन्न देशात ऑगस्ट २००३ मध्ये सुमारे पंधरा हजार माणसे दगावली. त्यांत एकटी राहणारी वृद्ध माणसे फार होती, आणि मागाहून झालेल्या पाहणीत असे आढळले की थेट छपराखालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धोका अधिक होता. पॅरिसची जस्ताची छपरे आणि दौंडची पत्र्याची छपरे यांत उन्हाला काही भेद दिसत नाही.

आता वारा आणि पाणी. सकाळी नऊच्या आत खिडक्या-दारे लावून घ्यावीत आणि संध्याकाळी बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गार लागू लागली की समोरासमोरच्या सर्व उघडाव्यात, त्या सकाळपर्यंत. सावली खिडकीच्या बाहेर हवी. आत लावलेल्या पडद्यापर्यंत ऊन आले म्हणजे ते घरात आलेच. पश्चिमेला बांबूची चिक किंवा तरट बाहेरून सोडावे, आणि जागा असेल तर आषाढात एक कडुनिंब लावावा. रात्री खिडकी उघडी ठेवायला लोक भितात, चोराला आणि डासाला. पूर्वी अंगणात बाज टाकून सारे घर झोपे. आज दौंडसारख्या जंक्शनच्या गावी बायामाणसांना ते शक्य नाही, हे मी मान्य करतो. म्हणून मजबूत गज आणि बारीक जाळी यांवरचा खर्च हा थंडाव्यावरचाच खर्च समजावा.

पाण्याची गोष्ट आपल्या माठातच आहे. एक लिटर पाणी हवेत विरताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून नेते. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होते. हौसेने तैलरंग दिलेला माठ दिसतो छान, पण त्याची छिद्रे बुजलेली असतात. घोडनदीला इंग्रजांची छावणी होती, त्या काळी साहेबलोक वाळ्याच्या ताट्या दारांना लावून त्यांवर दिवसभर पाणी मारवीत आणि वर पंखा ओढवीत. तो थंडावा दुसऱ्याच्या घामातून निघत असे हे सोडा, पण तत्त्व खरे होते. आपली एप्रिलमधली हवा कोरडी असते, तीत ओला पडदा वाऱ्याच्या बाजूला लावला आणि समोरची खिडकी उघडी ठेवली तर खोली चांगली निवते. कूलरचेही तेच, खिडक्या बंद करून कूलर लावणारा स्वतःला वाफवून घेत असतो. जूनमध्ये ढग आले की हा उपाय लुळा पडतो. आणि पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई या बाजूला जेथे टँकरची वाट पाहावी लागते, तेथे छपरावर पाणी मारा असे सांगणे म्हणजे थट्टा होईल. तेथे चुनाच बरा. तेथल्या भगिनींनी निदान स्वयंपाक सकाळी लवकर उरकावा, चूल पडवीत न्यावी, आणि पुरुषांनी गरम भाकरीचा हट्ट दोन महिने सोडावा.

पंख्याविषयी एक सावधगिरी. खोलीतली हवा चाळिशीच्या पुढे गेली की पंखा अंगावर गरम झोत टाकतो व हानी करतो, असे जागतिक आरोग्य संघटना बजावते. अशा वेळी अंग ओल्या फडक्याने पुसत राहावे. म्हातारे माणूस बरळू लागले, अंग तापले, शुद्ध हरपू लागली, तर वैद्याची वाट न पाहता त्याच्यावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर गाडी मागवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

आता चालक मंडळींकडे एक मागणी. संत गोरोबाकाकांची पुण्यतिथी चैत्र वद्य त्रयोदशीला येते, नेमकी उन्हाच्या तोंडावर. गावोगाव आपण भजन व प्रसाद करतो, तो चालू राहावा. परंतु त्याच्या आधीच्या पंधरवड्यात प्रत्येक गावच्या तरुणांनी आपल्या वस्तीतील एकट्या-दुकट्या वृद्धांच्या, विधवा भगिनींच्या आणि लेकुरवाळ्या घरांच्या छपरांना चुना द्यावा. ते घर आपल्या ज्ञातीचे आहे की शेजारच्या, हे पाहू नये. चुन्याचा खर्च मंडळाच्या निधीतून व्हावा. तो हारतुऱ्यांच्या खर्चाहून अधिक होणार नाही. घरांची यादी माघ महिन्यातच तयार असावी. लाटेच्या दिवसांत त्या यादीतील प्रत्येक दारी दुपारी एकदा आणि रात्री निजण्यापूर्वी एकदा कोणी तरी जाऊन यावे. आपल्या कार्यालयाचे सभागृह उंच छताचे आहे. लग्न नसेल त्या दिवशी दुपारी ते उघडे ठेवावे, दाराशी भरलेला रांजण असावा.

काम करणाऱ्यांनी पत्र्यावर पाय देताना तो खालच्या आडव्या वाशावरच द्यावा, सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर तर फळी टाकल्यावाचून चढूच नये. चुना विझवताना तो उसळतो, तेव्हा मुलांना दूर ठेवावे आणि डोळ्यांना चष्मा लावावा. अहमदाबादेकडे किंवा अन्यत्र कोणी हे काम केले असेल त्यांनी पुढे येऊन हात कसा द्यावा ते दाखवावे.